कोऱ्या कागदावरचं ‘तपासले’

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि आयुष्यात मी एकदाच खोटं बोललो. बाकी हजारो वेळा खरंच बोललो, पण त्याचं कोणाला काय! खरं बोलणाऱ्याची आठवण कोण ठेवतो?

माझी मूठ लाकडाची आहे. एका कारागिराने ती घासूनपुसून गोल केली, खाली रबराची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर उलटी अक्षरं कोरली: ‘तपासले’. मला एका दूरचित्रवाणी केंद्राच्या तपासणी खोलीत पाठवलं. तिथे एक टेबल होतं, दोन खुर्च्या, एक टेलिफोन, आणि माझा सोबती शाईचा पॅड.

माझे पहिले धनी मास्तर. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. कोणाचीही माहिती छापायची असली की मास्तर आधी त्या माणसाच्या घरी फोन लावत. “जन्मगाव हेच ना? घरी कोण कोण असतं?” असं एकेक विचारून घेत. सगळं जुळलं की मला उचलून कागदावर ठप्प! त्याआधी नाही, म्हणजे नाही. “याचा शिक्का बसला की मी डोळे मिटून सही करतो,” असं मोठे साहेब म्हणत. झालं! मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

मग मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं. ते चार दिवस रजेवर निघाले. काम अडू नये म्हणून त्यांनी बारा कोरे कागद काढले आणि बाराही कागदांवर मला टेकवलं. “घरी फोन करा आणि मगच टाइप करा हं,” असं त्यांनी प्रसिद्धी विभागातल्या माणसाला बजावलं. त्याने मान हलवली आणि कागद घेऊन गेला. कोऱ्या कागदावर मी आधी कधीच बसलो नव्हतो. ‘थांबा’ म्हणावंसं वाटलं. पण मला तोंड असून बोलता कुठे येतं?

त्या कागदांचं पुढे काय झालं, ते मला पंचवीस वर्षं कळलं नाही. मास्तर निवृत्त झाले. संगणक आले. पॅड वाळून गेला, आणि एके दिवशी त्याला केराच्या टोपलीत टाकलं. मला खालच्या खणात ढकललं. तिथे गंजलेल्या टाचण्या होत्या आणि झाकण हरवलेली पेनं होती, पण बोलायला कोणी नव्हतं. बाहेर फोन वाजला की वाटायचं, आता मला उचलतील. कोणी उचललं नाही. फार एकटं वाटायचं, मित्रांनो. माझं रबर तडकलं ते म्हातारपणाने, असं तुम्ही म्हणाल. मला विचाराल तर वाट पाहून तडकलं.

यंदा मात्र खण उघडला. समोर तपासणी खोलीतली नवी बाई होती; भिंग शोधताना तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. ती प्रत्येक गोष्टीला “कशावरून?” विचारते, म्हणून केंद्रातले लोक तिला चिडवून शंकाबाई म्हणतात. केंद्राच्या बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. तिच्या सत्काराला तिची इंटरनेटवरची जीवनमाहिती वाचून दाखवायची होती, आणि ती तपासायचं काम शंकाबाईकडे आलं होतं. तिथे एक ओळ होती: ‘आईवडील लहानपणीच वारले.’

ही ओळ आली कुठून? इंटरनेटवाल्यांनी एका साप्ताहिकातून घेतली होती. साप्ताहिकाने केंद्राच्या जुन्या परिचय-पुस्तिकेतून घेतली होती. पुस्तिकेचा मूळ कागद सापडला आमच्याच कपाटात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या कागदावर मी होतो. निळाशार, ठसठशीत.

“अहो, तपासलेलंच आहे की,” शेजारचा संकलक म्हणाला. “शिक्का दिसत नाही का?”

शंकाबाईने भिंग लावलं. “शिक्का खाली आहे आणि टाइपची अक्षरं शाईच्या वर बसलीत. आधी शिक्का, मग मजकूर. तपासलंय डोंबल!”

तिने निवेदिकेने नोकरीच्या वेळी भरलेला अर्ज काढला. आईच्या नावासमोर ‘हयात नाही’ असं लिहिलं होतं. वडिलांची जागा कोरी होती. प्रसिद्धीच्या माणसाने फोनबिन काही न करता दोघांचा निकाल एका ओळीत लावला होता. अर्जावर घरचा नंबर होता. शंकाबाईने तो फिरवला. फोनच्या आवाजाने खोली भरली, कारण तिला स्पीकर लावून लिहून घ्यायची सवय आहे.

“कोण हवंय?” एक म्हातारा आवाज आला. मागे बऱ्याच घड्याळांची टिकटिक चालली होती.

शंकाबाईने निवेदिकेचं नाव घेतलं.

“ती इथे राहत नाही. पंचवीस वर्षं झाली.”

“आपण कोण?”

“मी तिचा बाप. घड्याळं दुरुस्त करतो. पण तुमच्या पुस्तकात मी वारलोय, तेव्हा कोणाला सांगू नका.” म्हातारा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “भांडण माझंच होतं. टीव्हीवर तोंड दाखवायचं असेल तर या घरात दाखवू नकोस, असं मीच बोललो. मग तिने मला मेलेला लिहून दिलं. म्हटलं, तिला नको असेन, तर नसेन.”

“काका, तिने असं काही लिहिलेलं नाही. तुमची जागा कोरी आहे. कागद माझ्यासमोर आहे.”

“कोरी?”

“कोरी.”

मग म्हाताऱ्याने विचारलं, “मग मला मारलं कोणी?”

मी टेबलावरच होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निवेदिका आली. शंकाबाईने दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले आणि कालचं सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली ती बसलीच.

“मी ती ओळ वाचली होती,” ती म्हणाली. “सगळे म्हणायचे, इथे घरी फोन केल्याशिवाय शिक्का बसत नाही. मला वाटलं, बाबांनीच फोनवर सांगितलं असणार, तिचा बाप मेला म्हणून लिहा. मग कोणत्या तोंडाने जाऊ?”

कळलं का मित्रांनो? बापाला वाटलं, मुलीने लिहिलं. मुलीला वाटलं, बापाने सांगितलं. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला, एकमेकांवर नाही. ज्या नावलौकिकावर मी फुगत होतो, त्यानेच त्यांचा घात केला.

तिने स्वतः फोन लावला.

“बाबा,” ती म्हणाली. “जेवलात का?”

“जेवलो,” म्हातारा म्हणाला. “तुझा घसा बसलाय. परवाच्या बातम्यांपासून ऐकतोय. गुळण्या करतेस की नाही?”

घराघरांत बोलणारी ती बाई टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. शंकाबाई पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. मला जाता येत नव्हतं, म्हणून मी सगळं रडणं ऐकलं.

ती ओळ इंटरनेटवर आता दुरुस्त झाली आहे. मी परत खणात आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की मास्तर असते तर एकदा त्यांच्यापाशी मन मोकळं केलं असतं.

तुम्हाला एकच विनवणी आहे. कोणाची जागा कोरी दिसली, तर आपल्या मनाने भरू नका. आणि आपल्या माणसाने आपल्याबद्दल काही वाईट लिहिलं, बोललं, असं कळलं, तर त्यावर कितीही शिक्के असोत, रुसून बसण्याआधी त्यालाच जाऊन विचारा. तो म्हातारा आता एक्याऐंशीचा आहे. त्या दोघांची पंचवीस वर्षं मला परत देता येत नाहीत.