धन्याच्या वाटणीची अंघोळ

आमचे धनी मंत्री यॉम. त्यांची आई वारली तेव्हा राजधानीत सोन्याच्या पोथ्यांचं वेड पसरलं होतं. मोठी माणसं लेखक बसवून निळ्या कागदावर सोन्याने बुद्धवचन लिहून घेत. आमच्या धन्यांनी जाहीर केलं, "मी स्वतःच्या हाताने लिहिणार. पुण्य सगळं आईला."

पोथी लिहिणाऱ्याला नियम असतो: परसाकडे जाऊन आलं की सुगंधी पाण्याने डोक्यावरून अंघोळ, धुतलेले कपडे, मगच कुंचला. दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्यात व्रत मोडून धनी चोरून रानडुकराचं मांस खात, त्यामुळे पोट सैल. पहिल्याच अंघोळीत ओठ कागदाइतके निळे पडले.

तोड काढली भिक्खू हेसाँग यांनी. त्यांच्या विहाराचं छप्पर धनी बांधून देणार होते. ते म्हणाले, "देह म्हणजे माया. अंघोळ झाली म्हणजे झाली, कोणाच्या का अंगावर होईना."

धन्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुदॉक, तू तसाही रिकामाच असतोस."

मी घरचा गुलाम, नाही म्हणायची सोय नव्हती. एवढंच म्हणालो, "सरकार, पोथीच्या शेवटी पुण्य मिळणाऱ्यांची नावं येतात. त्यात माझ्या ताल्लेचं घाला." माझी लेक, देवीच्या साथीत गेली.

हेसाँगनी नाक मुरडलं. "ताल्ले? ही तर रानलसूण! आम्हाला खायलासुद्धा बंदी."

"खायची नाही, महाराज. लिहायचीय."

"लिहू रे, लिहू," धनी म्हणाले.

मग हिवाळाभर धनी परसाकडे जात आणि मी न्हात असे. स्वयंपाकीण चुलीपासून ओरडे, "कुदॉक, पळ! धनी उठले बघ!" जन्मात नव्हतो इतका शुद्ध झालो. खोकला मात्र मुक्कामालाच आला.

पोथी पुरी झाली. हेसाँगनी शेवटची नावं वाचली: आई, वडील, राजे, आणि धन्यांचा लाडका शिकारी ससाणा. ताल्ले नाही.

"सोनं संपलं रे," धनी म्हणाले.

मिरवणुकीच्या दिवशी दारात पालखी, धूप, झाडून सगळे मंत्री. पोथी पालखीत ठेवायची ती लिहिणाऱ्यानेच, शुद्ध होऊन. ऐन वेळी धन्यांचं पोट बिघडलं. परसाकडून आले ते हात अंगापासून लांब धरून.

"कुदॉक! लवकर!"

"सरकार, पाणी संपलं."

हौद काठोकाठ होता. वर बर्फाची साय.

"फटके खाशील!"

"खातो. पण कशाबद्दल ते ओरडूनच सांगेन. बाहेर पाहुणे आहेत."

धन्यांनी हौदाकडे पाहिलं आणि ते शहारले. "बरं बाबा, लिहितो तिचं नाव."

"सरकार कसे लिहिणार? अंघोळ राहिलीय ना."

बाहेर शिंगं वाजू लागली. शेवटी पोथीपाशी थांबलेले हेसाँगच खाली बसले. चाकूने ससाण्याचं नाव खरवडलं, तेच सोनं पुन्हा सरसात कालवलं आणि त्या जागी ताल्ले लिहिलं. मी वाकून पाहिलं. तेवढं एकच नाव मी म्हातारपणी विहाराच्या झाडूवाल्याकडून शिकून ठेवलं होतं.

मग बर्फ फोडला आणि न्हालो.

धनी पोथी घेऊन बाहेर आले. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "बघा, किती सोवळ्याचा माणूस!"

ससाणा अंगणात उंदीर फाडत होता. पुण्य गेल्याचं त्याच्या गावीही नव्हतं.