रांगत न गेलेला दरोडेखोर

गोळी सुटली, दरोडेखोर झालेला ऑर्विल कोलमडला आणि शेरीफच्या वेषातल्या लाइल पर्सेलने पिस्तूल कमरेला खोचलं. इथवर सगळं तालमीसारखं झालं.

लॉस एंजेलिसच्या त्या स्टुडिओतून काउबॉयची मालिका दर बुधवारी थेट घराघरांत जायची. चुकलं तर चुकलं, पुन्हा घ्यायची सोय नाही. निर्माता इतका चिकट, की एकाच नटाला एका भागात दोन-दोन कामं. मेलेल्याने कॅमेरा वळेपर्यंत निपचित पडायचं, मग रांगत सटकायचं, मिशी चिकटवायची आणि टपालवाला होऊन दारातून यायचं. ऑर्विल म्हणजे लाइलच्या थोरल्या बहिणीचा, थेल्माचा, नवरा, आणि या रांगण्यात अगदी पटाईत.

आज तो हललाच नाही.

लाइलची नजर कमरेच्या पिस्तुलाकडे गेली. तालमीत स्टुडिओचं पिस्तूल अडकलं, म्हणून त्याने गाडीतलं स्वतःचं आणलं होतं. खरी काडतुसं काढून नुसत्या आवाजाची भरली होती. सगळी काढली होती ना? काढलीच असणार. मग आठवत का नाही?

"शेरीफ, तो... गेला का हो?" मास्तरीण झालेल्या फर्नने विचारलं. वाक्य संहितेतलंच होतं.

"गेला, बाई. आता गावाला भीती नाही." हेही संहितेतलंच.

ऑर्विल कुशीवर पडला होता, तोंडावर हॅट. त्याच्या सदऱ्यावर काखेखाली काळपट डाग पसरत चालला होता. या मालिकेत रक्त कधीच दाखवत नसत.

"टपालवाला आला वाटतं," फर्न म्हणाली. दार बंदच राहिलं. तिने वेळ सावरून घेतली. "छे, वारा असेल."

दोन पावलं टाकून वाकलं की कळलं असतं. पण कॅमेऱ्यावरचा लाल दिवा जळत होता, आणि थेट प्रक्षेपण थांबवणाऱ्या नटाला लॉस एंजेलिसात पुन्हा कुणी उभं करत नसे. लाइल घाबरून अर्धमेला झाला होता, तरी तोंड उघडलं ते पुढच्या वाक्यासाठीच. तो न्यायाबद्दल बोलला. मग शेवटची जाहिरात म्हणून कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि घरोघरी बघणाऱ्या मुलांना म्हणाला, रोज सकाळी ओट्स खा, मोठे व्हा.

दिवा विझला.

"अरे, दुसरा कॅमेरा ऐन वेळी मेला!" ऑर्विल धूळ झटकत उठला. "मी चित्रातच अडकलो. तुझ्या पाठीमागून कॅमेरावाले खुणा करत होते, हलू नकोस म्हणून. या दिव्यांखाली घामाने पार भिजलो बघ!"

लाइलने त्याला मिठीच मारली आणि ढसाढसा रडू लागला. "दाजी, मला वाटलं, खरीच गोळी..."

"खुळाच आहेस लेका!" ऑर्विल हसत त्याची पाठ थोपटू लागला. थोपटता थोपटता त्याचा हात थांबला. "कधी वाटलं तुला?"

"तुम्ही पडलात, तेव्हाच."

"म्हणजे ते ओट्सचं बोलत होतास, तेव्हासुद्धा?"

लाइलने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

ऑर्विलने हळूच मिठी सोडवली, पडलेली हॅट उचलली. "हे घरी थेल्माला सांगू नकोस," तो म्हणाला, आणि कपडे बदलायला एकटाच निघून गेला.