ब्रशताईच्या शिडीची जबानी

मित्रांनो, मी अकरा पायऱ्यांची जुनी लाकडी शिडी आहे, आणि माझ्यावर एक गंभीर आरोप झाला होता. एका घरात बाळ येत नव्हते आणि त्याचे खापर माझ्या डोक्यावर फुटले. मला डोके नाही, ही गोष्ट वेगळी.

एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरसाठी त्याच्या सुतार मित्राने मला जुन्या दरवाजाच्या लाकडातून बनवले. पेंटरचा हात थरथरू लागला तेव्हा त्याने ब्रश मुलीच्या हाती दिला. तिला सगळा बाजार ब्रशताई म्हणायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, गॅरेजची फाटके, सगळीकडे आम्ही दोघी जायचो. ती श्वास रोखून एका दमात वेलांटी ओढायची. खाली उभे असलेले लोक म्हणायचे, "व्वा, अगदी छापल्यासारखं!"

"छापलेलं इतकं चांगलं नसतं," ती वरून सांगायची.

तिचे लग्न झाले आणि तिच्याबरोबर मीही सासरी आले. नवरा बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. तो फार कमी बोलायचा. त्याच्या वाट्याचे सासूबाई बोलायच्या. वर्षे गेली. ब्रशताईची पाळी कधी दोन-दोन महिने चुकायची, पण बाळाची चाहूल नसायची. मग एकदा दिवस गेले. घर आनंदले, आणि दुसऱ्याच महिन्यात ते बाळ पोटातच गेले. दीड वर्षाने पुन्हा तसेच झाले.

"ती शिडी आधी घरातून काढा," सासूबाई म्हणाल्या. "बाईमाणसानं सारखं चढायचं-उतरायचं. मग पोटात काय टिकणार?"

शेजारणींनी माना डोलावल्या. मला मागच्या अंगणात नळाच्या पाइपाला बांधून टाकले. उन्हात माझे लाकूड तडकले. पण त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा येत होता. मला जे ठाऊक होते, ते कोणी विचारतच नव्हते. ब्रशताईचे वजन माझ्याइतके कोणाला कळणार? तिचे खाणे होते तेवढेच होते, तरी वजन वाढत चालले होते. पूर्वी ती नवव्या पायरीवर गाणे म्हणायची, आता तिसऱ्या पायरीवर थांबायची. भर दुपारी शाल घ्यायची. आवाज घोगरा झाला होता. हातांची कातडी इतकी कोरडी, की रंग भेगांमध्ये जाऊन बसायचा. लोक म्हणाले, "आळसावली आहे."

पाच महिन्यांनी ती अंगणात आली आणि दोरी सोडू लागली.

"कुठं निघालीस? नातवंड नको का मला?" सासूबाई कडाडल्या.

"शिडी बांधून पाच महिने झाले, आई. आलं का बाळ?"

तिने शेवटची गाठ सोडली. आम्ही दोघी कामावर निघालो.

काम एका नव्या दवाखान्याच्या बोर्डाचे होते. अक्षरे बघायला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि अक्षरांऐवजी ब्रशताईकडेच बघत राहिल्या.

"ताई, मला इथं घाम फुटलाय आणि तुम्ही शाल घेऊन?"

"थंडी वाजते हो."

"आवाज असाच असतो?"

"दोनेक वर्षं झाली."

"उतरा खाली. बोर्ड कुठं पळून जात नाही."

त्यांनी तिचा गळा तपासला, रक्त तपासायला पाठवले. तीन दिवसांनी कागद घेऊन त्या माझ्यापाशीच आल्या.

"गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. तुमची मंद झालीय. शरीराला लागणारं हॉर्मोन ती पुरेसं बनवत नाही. म्हणून थकवा, थंडी, वजन. त्यामुळे पाळी बिघडते, बीज वेळेवर तयार होत नाही, दिवस राहायला उशीर होतो. आणि राहिले तरी गर्भ जाण्याचा धोका वाढतो."

"म्हणजे... शिडीमुळे नाही?"

"शिडीवरून पडला होतात का?"

"एकदाही नाही."

"मग बिचाऱ्या शिडीचं काय घेऊन बसलात? आधीच्या दोन्ही वेळा थायरॉइडमुळेच तसं झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण यावर औषध आहे, एवढं नक्की सांगते."

ब्रशताई माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि खूप रडली. मित्रांनो, मी निर्दोष ठरले, पण मला आनंद झाला नाही. मला संताप आला. एक साधी रक्ततपासणी! इतकी वर्षे सगळ्यांनी तिला सल्ले दिले, टोमणे मारले, पण ती तपासणी कोणाला सुचली नाही.

रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. ठरल्या वेळी पुन्हा रक्त तपासून गोळीचे प्रमाण ठरले. हळूहळू शाल खुंटीवर गेली, पाळी नियमित झाली. गोळी सुरू झाल्यावर आठव्या महिन्यात पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याच आठवड्यात गोळी वाढवली. दर महिन्याला रक्त तपासायला सांगितले.

आणि एका सकाळी गोळ्यांचे पाकीट जागेवर नव्हते. ते पिठाच्या डब्यात सापडले.

"मीच ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "पोटात बाळ असताना कसल्या गोळ्या खातेस? दोन गेली, आता हे तरी..."

"आई, बाळाची ग्रंथी अजून तयार व्हायचीय. तोवर ते माझ्याच हॉर्मोनवर वाढतंय. त्याचा मेंदूसुद्धा. तुम्ही गोळी माझ्यापासून नाही, त्याच्यापासून लपवलीत."

तिने गोळी घेतली. मग लाल रंगाचा डबा उघडला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जमिनीवर उभी राहूनच, वीतभर अक्षरांत लिहिले: 'सकाळी उठल्यावर गोळी. चहा अर्ध्या तासाने. डॉक्टर सांगेपर्यंत गोळी बंद होणार नाही.'

नवरा कामावरून आला. त्याने भिंत वाचली. आम्हाला वाटले, आता चिडणार. तो म्हणाला, "खाली तपासणीची तारीखही लिही. मी रजा टाकतो."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चहा झाकून ठेवला आणि घड्याळासमोर उभ्या राहिल्या.

पोट पुढे आल्यावर तोल जाऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचे माझ्यावर चढणे थांबवले. त्याचे मला वाईट वाटले नाही. ती सावधगिरी होती, आरोप नव्हता. दिवस भरल्यावर मुलगी झाली. तिच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन तिचाही थायरॉइड तपासला. तो ठणठणीत निघाला.

मित्रांनो, मी आता खिळखिळी झाले आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातली कोणी सारखी थकत असेल, भर उन्हात गारठत असेल, तर तिला हसू नका. तिची शिडी, तिची सायकल, तिची नोकरी, कशालाच दोष देऊ नका. आधी तिला दवाखान्यात न्या.

परवा शेजारीण आमच्या दारात बसून आपल्या सुनेबद्दल सांगत होती, "दोन वर्षं झाली. स्कूटर चालवते ना, म्हणून..."

नातीला कडेवर घेतलेल्या सासूबाई ताडकन उठल्या.

"स्कूटरला काही बोलू नकोस! आधी तिचं रक्त तपास. आणि तुझ्या मुलालाही तपासायला ने, तो काही मोठा लागून गेला नाही."

एवढे बोलून त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि शेजारणीच्या सुनेला हाक मारली, "चल गं, स्कूटर काढ. मी मागे बसते."