तरुणचं पहिलं नाही

बैठकीत बशीवर चमचा किणकिणला. पोहे संपवून तरुणनं उत्तर दिलं, "नाही जायचं, भिया."

भिया म्हणजे खरं तर भाऊ, पण इथे गुंजन, इंदूरहून आलेली संशोधक मुलगी. तरुण सगळ्यांनाच भिया म्हणायचा; टेकरीवरच्या देवीलासुद्धा. वय चौतीस, पण घड्याळ कळत नसे, हिशेब जमत नसे. अशाच मोठ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर गुंजनचा अभ्यास होता. दर शनिवारी गाडी येणार, तारांची टोपी घालून त्याला चित्रं दाखवणार, संध्याकाळी घरी सोडणार.

शिखानं, दिवसभर तरुणचं सगळं बघणाऱ्या त्याच्या वहिनीनं, ते शनिवार मनात केव्हाच वाटून टाकले होते. पहिल्या शनिवारी नुसतं झोपायचं. दुसऱ्याही.

त्यामुळे ती खचली. सासूबाई, म्हणजे अक्का, मात्र जराही हलल्या नाहीत. देवासच्या त्या घरात पहिलं नाही म्हणजे रीतभात, दुसरं म्हणजे संकोच. तिसऱ्यानंतर कुठे वाढणारा हात थांबे.

"अरे, लाजतोस काय? जा की."

"नाही."

"आता बघा, हो म्हणेल," अक्कांनी गुंजनला धीर दिला.

गुंजन कागद आवरू लागली. आईची सही असली तरी चालत नाही, ती म्हणाली; ज्याचा अभ्यास करायचा त्याला समजेल असं विचारायचं, आणि त्यानं नाही म्हटलं की संपलं. आग्रह केला तर तिचीच चौकशी होईल.

आग्रहाची चौकशी! अक्कांना हा कायदा फारच कोरडा वाटला. त्यांनी तिच्या बशीत जलेबी वाढली. गुंजन नको म्हणाली. दुसरी पडली.

तरुणनं उठून तिची बशीच उचलली. "अक्का, भिया नको म्हणतेय ना." आणि दोन्ही जलेब्या त्यानं स्वतः खाल्ल्या.

अक्का शिखाच्या कानाशी आल्या. "तुझा शब्द मोडत नाही तो. तू एकदा म्हण."

खरंच मोडत नसे. शिखानं तोंड उघडलं. समोर तरुण बोटं चाटत, जरा घाबरून, तिच्याकडेच बघत होता.

"भाऊजी नको म्हणालेत, अक्का," ती म्हणाली, आणि सगळे शनिवार गेले.

गुंजनला फाटकापर्यंत पोचवून ती वळली, तर पाच वर्षांची चिऊ पदर ओढत उभी.

"आई, काकाचं नाही एकदाच चालतं. तुझं कितीदा म्हटल्यावर चालतं?"