शहाणा डोळा

लेकीच्या दोन डोळ्यांना आईने नावं दिली होती. डावा हट्टी, उजवा शहाणा. हट्ट्याची घडण जन्मापासूनच अर्धवट, त्यात काचबिंदू. आतला दाब काही केल्या उतरेना. शेवटी लेसर करावं लागलं. मुलीचे बाबा बोटीवर नोकरीला, सहा महिने परतायचे नाहीत. कागदावर सही आईने एकटीनेच केली. घरी आल्यावर "झालं बाई एकदाचं" म्हणायलाही दुसरं माणूस नव्हतं.

मग सुरू झाले हट्ट्याचे लाड. वेळच्या वेळी औषधाचे थेंब, उशाशी गजर, खिडक्यांना जाड पडदे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन्ही डोळ्यांकडे लक्ष ठेवा म्हणून. पण शहाण्याकडे कोण बघतो? जे रडतं त्याला आपण उचलून घेतो. जे गप्प असतं त्याचं बरं चाललंय असं खुशाल धरून चालतो.

पाचव्या आठवड्यात पोर सारखी म्हणू लागली, "आई, पडदा ओढ ना. उजेड टोचतो."

आईने पडद्यांना चिमटे लावले आणि हट्ट्यात थेंब घातले. त्या अंधारात कुठला डोळा लाल झालाय, ते दिसणार कसं?

उजेड टोचू लागल्याच्या नवव्या दिवशी आई कपडे वाळत घालून आत आली. पोर दारामागे टांगलेल्या बाबांच्या कोटाला सांगत होती, "आई, भूक लागली."

आईने पडदा खसकन बाजूला सारला. शहाणा लालभडक होता.

"अगं, हा दुखतोय हे सांगितलं का नाहीस?"

"शहाणा कधी त्रास देतो का? तूच म्हणतेस ना."

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "एका डोळ्यावर उपचार केले की क्वचित शरीर दुसऱ्यावरही उलटतं. आत सूज आहे. औषध आत्ताच सुरू करू, पण नजर किती परत येईल ते आज नाही सांगता यायचं. कधीपासून आहे हे?"

"कालपासून" अगदी ओठांवर आलं होतं. खोटं पाडायला कोण होतं?

"नऊ दिवस," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इंजेक्शन आणायला गेल्या.

आजवर रडू आलं की आई भिंतीकडे तोंड करायची. आज ती लेकीच्या समोर, हातभर अंतरावर बसून, आवाज न करता रडली. लेक तिच्याकडे तोंड करून, स्टुलावर पाय हलवत बसून राहिली.