वरचा थर

जगात मऊ म्हणून जे जे काही आहे ते माणसाला बिघडवायलाच जन्माला आलेलं आहे, असं स्लॅबसाहेबांचं ठाम मत होतं. मऊ खुर्ची, मऊ चपला, मऊ बोलणारी माणसं, सगळ्यांना एकच शेरा: 'पोकळ.' नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींचे स्लॅब तपासले होते. तपासणं म्हणजे काय, तर हात जोडून उभ्या असलेल्या कंत्राटदारांसमोर टाच आपटायची, कान देऊन ऐकल्यासारखं करायचं आणि 'हूं' म्हणायचं. निवृत्तीनंतर आपटायला स्लॅब उरले नाहीत, तेव्हा ती टाच घरात फिरू लागली. 'स्लॅबसाहेब' हे नाव बायकोच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं. बायकोला ते इतकं पटलं होतं की मनातल्या मनात ती नवऱ्याला दुसरं काही म्हणतच नसे. तोंडावर अर्थात 'अहो'.

ती कपडे बेतायची. घराच्या खालच्याच मजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं आणि सैल कोट अंगासरशी करून घ्यायला, आखूड बाह्या वाढवून घ्यायला लोक लांबून यायचे. ती जन्मापासून कुशीवर झोपणारी. जुनी गादी मधे खड्डा पडून गेली तसा तिचा उजवा खांदा धरला आणि सकाळी उठल्यावर बोटं परक्याची असल्यासारखी वाटू लागली. एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटाची बाही कापताना कात्री सरकली आणि बाही गेली. शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर फक्त तोंड लपवता येतं. तिने तोंड लपवलं नाही, पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत घरात, त्या टाचेच्या पल्ल्यात. त्यापेक्षा तिला काहीही चाललं असतं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासून सांगितलं, "गोळ्या पुरे झाल्या. गादी बदला. कुशीवर झोपता ना? मग खांदा आत जाईल आणि पाठ सरळ राहील, अशी घ्या. लॅटेक्सची मिळते बघा, आतले थर वर-खाली करता येतात."

घरी येऊन तिने हे सांगितलं ते चुकलंच. स्लॅबसाहेबांनी ताबडतोब चष्मा लावला आणि फोनवर गाद्यांचे व्हिडिओ लावून बसले. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांना लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून होतं हे कळलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते झाड त्यांनीच लावल्यासारखं बोलू लागले.

"डॉक्टरांना काय कळतं? भार कोण पेलतं? पाया! पाया कडक हवा," ते म्हणाले.

"मला पलंगावर इमारत नाही बांधायची," ती म्हणाली. पण पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा तिला आता कंटाळा आला होता.

गाद्यांच्या दुकानात ओळीने पलंग मांडले होते आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी प्लॅस्टिकचा एक तुकडा होता, बूट न काढता पाय ठेवता यावेत म्हणून. तिने पर्स खाली ठेवली आणि एका गादीवर कुशीवर होणार, इतक्यात स्लॅबसाहेबांनी तिचं कोपर धरलं.

"इथे चारचौघांत काय लोळतेस? मी बघतो ना."

"खांदा माझा दुखतोय."

"पण झोपायचं दोघांना आहे. मी झोपून बघितलं काय नि तू काय, एकच."

आणि ते झोपले. म्हणजे उताणे पडले, आपल्या सगळ्या वजनासकट, हात छातीवर बांधून. मग टाच वर करून त्यांनी गादीवर दोनदा आपटली आणि कान दिला. गादीतून अर्थातच काही आवाज आला नाही. "हूं," ते म्हणाले.

विक्रेता पन्नाशीचा होता, टाय लावलेला, आणि मान हलवण्यात नंदीबैलाच्या वरताण. "साहेबांनी अचूक ओळखलं," तो म्हणाला. काय ओळखलं ते त्यालाही माहीत नव्हतं. कुशीवर झोपणाऱ्या हलक्या बांध्याच्या माणसाला कोणता थर वर हवा, असं तिने विचारलं, तर त्याने उत्तर साहेबांकडे बघून दिलं: "साहेब सांगतील तसा, मॅडम." तिला वाटलं, या दोघांना एकाच खोळीत घालून वरून चेन ओढून घ्यावी. ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि तळहाताने गादी दाबून बघितली. माणसाच्या अंगाला टेप न लावता कपडा बेतायला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. इथे मात्र तिच्या झोपेचं माप दुसऱ्याच्याच पाठीवर घेतलं जात होतं.

गादी आली ती तुकड्यातुकड्यांत. एक मोठी सुती खोळ, तिला तिन्ही बाजूंनी चेन, आणि आत घालायचे तीन थर: मऊ, मध्यम, कडक. प्रत्येक थर मधोमध उभा कापलेला, म्हणजे नवऱ्याची बाजू वेगळी नि बायकोची वेगळी. मऊ थराला मोठी भोकं, कडकला बारीक. बसवायला आलेल्या माणसाने कडक थर खाली घातला, त्यावर मध्यम, आणि मऊ थर वर टाकायला उचलला.

"थांबा," स्लॅबसाहेब म्हणाले. "कडक वर. दोन्ही बाजूंना."

"साहेब, सगळे मऊ वर घेतात."

"सगळे चुकतात."

त्या माणसाला पुढच्या घरी जायचं होतं. त्याने खांदे उडवले, थर उलटे घातले, वर वॉटरप्रूफ खोळ खेचून बसवली आणि गेला. स्लॅबसाहेबांनी टाच आपटून पाहिली. या वेळी ते मनापासून खूश झाले.

त्या गादीवर तिचा खांदा आत जायचं नावच घेईना. सगळा भार हाडावर. आठवड्याभरात बोटं सकाळी इतकी बधिर होऊ लागली की सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागली. तिने सांगितलं तेव्हा स्लॅबसाहेब पेपरमागून म्हणाले, "सवय होईल."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. लग्न झाल्यावर सासूच्या बोलण्याची सवय होईल, स्वयंपाकघरात वारा येत नाही त्याची सवय होईल, ते न सांगता पाहुणे आणतात त्याची सवय होईल. माणसाने एकाच वाक्यावर अख्खा संसार रेटावा आणि वर त्याला अनुभव म्हणावं, याची तिला खरोखर किळस आली. सवय तिला कशाचीच झाली नव्हती. ती फक्त बोलायची थांबली होती, आणि हा फरक कळायला समोरच्याकडे बघावं लागतं.

एका सकाळी स्लॅबसाहेब बागेत मित्रांना शहाणपण वाटायला गेले, तेव्हा तिने दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि खोळीची चेन उघडली. चेन म्हणजे तिच्या हातचा मळ. थर मात्र तिने ओढले तितके हटून बसले. लॅटेक्स जड, त्यात लिबलिबीत. धरायला कुठे धड कोपरा नाही, गाढ झोपलेल्या मुलाला उचलावं तसं सगळीकडून ओघळतं. अखेर तिने तो गुंडाळून घेतला, गुडघ्याने ढकलला, एक-दोन जुन्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि आपल्या बाजूचा मऊ थर वर आणला. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. ती साहेबांची निवड होती.

पहिल्या रात्री तरीही गादी हवी तशी लागली नाही. मग तिच्या लक्षात आलं, वरची वॉटरप्रूफ खोळ नगाऱ्यासारखी ताणलेली आहे. ताणलेलं कापड खालचा सगळा मऊपणा खाऊन टाकतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आपल्या बाजूने ती सैल केली, चादर ढिली खोचली. खांदा आत जाऊ लागला तशी उंच उशी मानेला टोचायला लागली, तर उशी उसवून त्यातला कापूस कमी केला. मग ती झोपली. अशी झोपली की सकाळी चहा स्लॅबसाहेबांना स्वतः करून घ्यावा लागला. पंधरवड्यात बोटं परत तिची झाली आणि तिने एक अवघड जाकीट कुणाच्या मदतीशिवाय कापून दिलं.

धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा स्लॅबसाहेब तिला पलंगापाशी घेऊन गेले. "बघ, तुझ्या बहिणीचा खांदा बरा केला. सगळे म्हणत होते मऊ घ्या. मी म्हटलं, कडक. थोडा धीर धरला, झाली सवय."

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. ती बिस्किटांची बशी पुढे करत होती.

खालच्या दुकानात आल्यावर थरांची खरी हकिकत ऐकून धाकटी उसळली. "ताई, तू त्याला सांगत का नाहीस?"

"त्यांनी विचारलं तर सांगेन."

"तो विचारणार? उंटावरचा शहाणा तो."

"म्हणूनच तर." तिने खडूने कापडावर रेघ ओढली. "झोप लागत नाही, एवढं एक वाक्य बोलू देत. त्याच दिवशी त्यांची बाजू बदलून देते."

कारण झोप त्यांना लागत नव्हती. ते पेपर वाचता वाचता पेंगत होते, कंबरेवर हात ठेवून उठत होते, आणि कुणी बघितलं तर ताठ होत होते. एकदा टेप विसरली म्हणून ती भर दुपारी वर आली, तर साहेब तिच्या बाजूला, तिच्या उशीवर, तोंड उघडं टाकून घोरत होते. कडकपणाचा तो कैवारी खांदा गादीत रुतवून पडला होता. ती दारात उभी राहून ते दृश्य बघत राहिली आणि आपल्याला दया येते का याची तिने वाट बघितली. दया आली नाही.

ते दचकून उठले. "तुझ्या बाजूला ऊन येतं," ते म्हणाले. "उन्हाने रबर जरा सैल पडतं. साधं विज्ञान आहे."

"असेल."

"मी काय म्हणतो, बाजू बदलू या. खिडकीचा वारा तुझ्या खांद्याला बरा नाही."

खांद्याची एवढी काळजी! "बदलू या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी साहेब बागेत गेल्यावर तिने चेन उघडली आणि मऊ थर इकडचा तिकडे, कडक तिकडचा इकडे केला. यावेळी काम भराभर झालं. हात बसला होता. साहेब खिडकीकडे झोपायला गेले, पडले, आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. सकाळी त्यांनी जाहीर केलं की ऊन आता तिरकं यायला लागलं आहे. विज्ञान पुन्हा खरं ठरलं. खोळ काढून आत बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण सगळ्या संसारात त्यांनी एकदाही चादर बदलली नव्हती. पायथ्याशी चेन असते हे ते पहिल्या दिवशीच विसरले होते.

मग एका रविवारी ती चादर बदलत असताना ते खोलीत आले. उभे राहिले. आणि त्यांनी पलीकडचा कोपरा हातात घेतला. तिने मान वर करून पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. इतकी वर्षं ती ज्या माणसावर मनातल्या मनात दात खात होती, तो चादरीचं टोक धरून एखाद्या नव्या नोकरासारखा अवघडून उभा होता.

"तुला..." ते म्हणाले आणि घसा खाकरला. "तुला इथे झोप कशी लागते गं?"

एवढ्या वर्षांत उत्तर माहीत नसताना त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिचा सगळा राग एकदम म्हातारा झाल्यासारखा वाटला. ती पायथ्याशी वाकली, खोळीची कड वर केली आणि चेनचा आकडा बोटांत धरला.

"थांबा," ती म्हणाली, "दाखवते तुम्हाला. इकडे या."

पण ते जागचे हलले नाहीत. तिचं वाकणं त्यांना दिसलंच नसावं. त्यांना आपल्या आवाजाची लाज वाटली होती, आणि ती झाकायला ते घाईघाईने बोलू लागले होते. "नाही, म्हणजे मला माहीतच आहे म्हणा. तुला सवय झाली. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की नाही? कुणाला पटत नव्हतं." बोलता बोलता खांदे परत वर आले, हनुवटी वर आली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभच आपल्या पिळाचं कौतुक सांगत होता.

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग तिने चेनचा आकडा सोडला आणि खोळीची कड नीट खाली केली.

"हो," ती म्हणाली. "सवय झाली."

"तेच तर!"

"तुम्हालाही होईल."

ती वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली, त्यांच्या हातातला कोपरा घेतला आणि खालच्या वॉटरप्रूफ खोळीसकट चादर होता होईल तितकी ताणून, एक सुरकुती न ठेवता, घट्ट खोचली. साहेबांनी त्यावर तळहात आपटून पाहिला आणि पसंतीची मान हलवली.