डोकं माझ्यामुळे दुखत नव्हतं

मी सुलक्षणाबाईंचा हेडफोन बोलतोय. तसं दिवसभर बोलणं हेच माझं काम, पण ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी माझ्यातून निघालं नाही. वेळेवर निघालं असतं, तर आज ही कहाणी सांगायची पाळी आली नसती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा अंधेरीच्या एका दुकानात काचेमागे लटकत होतो. माणसं यायची, मला डोक्यावर चढवायची, आरशात बघायची आणि लगेच काढून ठेवायची. मिनिटभर काहीही बरंच वाटतं हो. हेडफोनची खरी ओळख तासाभराने होते, आणि तेवढा वेळ दुकानात कुणी थांबत नाही.

सुलक्षणाबाई आल्या त्या दिवाळीच्या सुमारास, मुलीला, मानसीला, घेऊन. बाईंचं काम जरा वेगळं. अंध वाचकांसाठी पुस्तकांचं ध्वनिमुद्रण करणारी एक संस्था आहे. तिथलं रेकॉर्डिंग घरी बसून ऐकायचं, समोर छापील पुस्तक धरायचं आणि वाचणाऱ्याने कुठे शब्द गाळला, कुठे जास्तीचा घातला, ते पेन्सिलीने टिपायचं. म्हणजे कान आणि डोळे दोन्ही एकदम जुंपलेले, तेही तासन् तास. दिंडोशीच्या त्यांच्या घरात शेजारचा टीव्हीसुद्धा स्वतःच्या घरातला वाटतो. म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा होता.

दुकानात त्यांनी आधी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि मग मला घातलं. डोक्यावरून काही घालायचं म्हटलं की चष्मेवाल्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

"छान मऊ आहे गं," त्या म्हणाल्या.

"आई, चष्म्यावर घालून बघ ना."

"ते घरी बघू. मला आवडला हा."

घरी पहिल्याच दिवशी वाट लागली. माझ्या गाद्या चष्म्याच्या काड्यांवर दाबायच्या आणि काड्या कानामागच्या हाडात रुतायच्या. शिवाय काडीमुळे गादीला फट राहायची, त्या फटीतून शेजारची मालिका आत शिरायची, मग बाई माझा आवाज वाढवायच्या. दुपारपर्यंत कानांमागे लाल वळ उठायचे. ते वळ माझेच होते, मी नाकारत नाही.

आणि डोकं दुखायचं. कपाळावर, डाव्या डोळ्याच्या मागे.

"ह्येका जरा ढिलो करूक व्हयो," दशरथराव म्हणाले. दशरथराव म्हणजे बाईंचे यजमान. जन्म मुंबईतला, पण काळजीत पडले की गावची मालवणी बाहेर येते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. बिघडलेली वस्तू हाती आली की माणूस खूश. त्यांनी मला रात्रभर पिठाच्या डब्यावर ताणून बसवलं. सकाळी माझ्या अंगाला गव्हाचं पीठ लागलेलं आणि पकड निम्मी झालेली.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. साकीनाक्याला गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा त्यांच्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडून माझ्यासाठी मखमलीच्या जाड, भुसभुशीत गाद्या शिवून आणल्या. मग बाईंना चष्म्याच्या दुकानात नेलं आणि बारीक, चपट्या काड्यांची फ्रेम घेतली. दुकानदाराने मशीनवर नंबर काढला. "थोडा बदललाय," म्हणाला आणि नव्या काचा घातल्या. त्यापलीकडे तपासायचं काही असतं, हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

यानंतर मी टोचत नव्हतो. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, मला छाती आणि हात नसले तरी. वळ गेले. बाई दुपारभर ऐकत बसल्या तरी कान लाल होत नव्हते. डोकं मात्र दुखतच राहिलं.

"अजून ह्या हेडफोनची सवय झाली नाही," बाई म्हणायच्या.

"मग अधूनमधून ब्रेक घे ना यार, आई," मानसी म्हणायची.

बाई मला काढून पडून राहायच्या. कधी कधी दुखणं आपोआप उतरायचं, आणि मला काढल्यामुळेच उतरलं असं सगळ्यांना वाटायचं. कुणी हयगय केली म्हणावं, तर तसंही नाही. सगळे काळजीनेच वागत होते, फक्त ती काळजी माझी चालली होती. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मी त्यांच्या डोळ्यांच्या इतका जवळ होतो की काय चाललंय ते मला दिसत होतं. संध्याकाळी दिवा लावला की त्या म्हणायच्या, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत हो." दशरथराव म्हणायचे, "चष्मा पुसलंस नाय असशील." डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा घासायला लागला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण तेव्हा माझ्यातून कुणीतरी मधमाश्यांवरचा धडा वाचत असायचं, आणि मला तोच पोचवावा लागायचा.

मग एकदा अपूर्वाचा फोन आला. अपूर्वा म्हणजे संस्थेसाठी पुस्तकं वाचणारी मुलगी. बाईंना ती फार मानते, म्हणून आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली.

"काकू, रागावू नका हं. तुम्ही लिहिलंय की मी शब्द जास्तीचे घातलेत. पण ते पुस्तकात आहेत. ओळीच्या सुरुवातीलाच आहेत."

बाईंनी ते पान उघडलं. समोर धरून पाहिलं, मग मान डावीकडे वळवून पाहिलं. शब्द होते. बाईंच्या नजरेतून कानामात्रा सुटत नाही असं संस्थेत म्हणायचे, आणि त्यांना अख्खे शब्द दिसले नव्हते. त्यांनी मला हळूच काढून मांडीवर ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला डावीकडचं दिसत नाहीये."

डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना दशरथरावांनी मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"डोळ्यांच्या आतला दाब खूप वाढलाय. काचबिंदू आहे. ह्यांचं डोकं कधीपासून दुखतंय?"

दशरथरावांनी मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. "दिवाळीपासून, मॅडम. पण ते ह्याच्यामुळे. चष्म्यावर दाबायचा. मी पुष्कळ सैल केला, गाद्या बदलल्या, तरी..."

डॉक्टरांनी मला उचललं, माझी पट्टी जरा ताणून पाहिली आणि परत ठेवलं. "काका, ह्याचा काही संबंध नाही. दिवाळीतच आला असतात, तर बरीच नजर वाचली असती."

मी निर्दोष सुटलो. त्या खोलीत कुणालाही त्याचा आनंद झाला नाही, मला तर मुळीच नाही. गुन्हेगार मीच निघालो असतो तर किती सोपं होतं. मला फेकून दिलं असतं आणि बाई बऱ्या झाल्या असत्या.

थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण उरली ती फारच थोडी. डावा डोळा पूर्ण गेला. उजव्याने समोरचं माणूस ओळखू येतं, पण छापील ओळ काही लागत नाही. अर्धवट तपासलेलं पुस्तक मानसीने संस्थेत परत नेऊन दिलं.

"मी डबो घेवन बसलंय गो," एकदा दशरथराव म्हणाले, "आणि थंय तुझे डोळे जायत होते."

"माझ्यासाठीच करत होतात ना?" बाई म्हणाल्या.

आता बाई फक्त ऐकतात. पूर्वी ज्यांच्यासाठी पुस्तकं तपासायच्या, त्यांच्यातल्याच एक झाल्या. ऐकताना कुठे शब्द अडखळला की त्यांचा हात पेन्सिल शोधायला लागतो. मग थांबतो. चूक वाचणाऱ्याची की पुस्तकातलीच, हे आता त्यांना कळणार कसं?

तुमचंही डोकं दुखत असेल तर मला खुशाल शिव्या द्या. हवं तर मला ताणा, बदला, अडगळीत टाका. पण एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन डोळ्यांचा दाब तपासून घ्या. नुसता नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही.

बाई आता चष्मा घालत नाहीत. त्याचा काही उपयोग राहिला नाही. त्यामुळे मध्ये काडी येत नाही, फट राहत नाही, मी दिवसभर त्यांच्या कानांवर असतो आणि कुठेच रुतत नाही.

परवा त्याच म्हणाल्या, "अहो, हा आता अगदी छान बसतो बघा."

दशरथराव उठले आणि आत निघून गेले. ते गेल्याचं बाईंना दिसलं नाही, त्या पुढेही बोलतच होत्या.